बरं, मग?

फॉर्मच्या अगदी शेवटी एक रकाना आहे:
तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?
अकरा पानं धोक्याला, औषधांना, तारखांना,
माणसाला दोन ओळी.

क्लिफर्ड ब्लांचर्डनं त्या दोन ओळींत
एकच शब्द लिहिला: हॅडॉक.

ग्रिम्सबीत नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
वॉर्डच्या खिडक्या बोटभर उघडतात, जास्त नाही.
तेवढ्या फटीतून गोदी आत येते,
आणि माशांचे काटे सोडवण्यात एकतीस वर्षं घातलेला माणूस
उशीवरून मान उचलतो.
"आज पूर्वेचा वारा."
नोंदवहीत आम्ही लिहिलं:
सकाळी असंबद्ध बोलला.

बैठकीत कुणी हसलं, कुणी घड्याळ पाहिलं.
मासा म्हणजे सुरी, आणि सुरी म्हणजे
अठरा वर्षांपूर्वीचा तो कागद,
जो त्याच्याआधी प्रत्येक खोलीत पोचतो
आणि खुर्ची अडवून बसतो.
डॉक्टर अकिन्येमी म्हणाले, कागद खरा आहे.
मग थोडं थांबून: आणि जुनाही.
टेबलाच्या टोकाला शेरिल ओडलिंग,
जी कधीकाळी इथेच सात नंबरच्या खोलीत होती
आणि आता पगारावर आहे,
गळ्यात आमच्यासारखंच ओळखपत्र.
ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं.
मीही असंच काहीतरी येडं सांगितलं असतं.
कुत्र्याला भेटायचंय, वगैरे."
हे कुणीच लिहून घेतलं नाही.
पण सुरीवरची चर्चा तिथेच संपली.

वीस वर्षं झाली इथे येऊन,
'बरं'चं इंग्रजी मला अजून जमत नाही.
दुखणं गेलं की बरं.
पण समोरचा बोलत असताना
आपण मध्येच श्वासासारखा सोडतो तोही बरंच,
म्हणजे: ऐकतेय, थांबू नका.
आमचे आप्पा मिरजेत कंपाउंडर होते.
पेशंटला म्हणायचे, "बरं, मग?"
आणि बाटलीचं बूच उशिरा काढायचे.

गुरुवारी, तीन सह्यांनंतर,
कुलपातली सुरी मोजून बाहेर आली. एक.
मासा मी आणला, जन्मात पहिल्यांदा,
बसमध्ये पिशवी अंगापासून लांब धरून.
क्लिफर्डनं माझं तोंड पाहिलं.
"तू खात नाहीस ना?"
नाही.
"मग इकडे ये. खिडकीच्या बाजूला."

हात थरथरत होते. औषधानं थरथरतात.
पहिला तुकडा फाटला;
त्यानं माशाची माफी मागितली.
मग पातं कण्याला टेकलं
आणि हात गप्प झाले.
"ढकलायचं नाही. हाडच सांगतं कुठे जायचं."
दारात दोन नर्स, पाठ ताठ,
त्यांच्या खांद्यांवरून डोकावणारे चौघे,
त्यातला एक महिन्याभरात खोलीबाहेर न आलेला.

आवाज? मी हळूच विचारलं.
"आहेत की. वास सोसत नाही त्यांना.
बाहेर थांबलेत."
बरं, म्हटलं मी. तोंडातून मराठीच निघालं.
"म्हणजे?"
म्हणजे, पुढे सांगा.

त्यानं पुढे सांगितलं.
बर्फाचं, बापाचं, पहाटे तीनच्या लिलावाचं,
शेवटची बोट गेली त्या वर्षाचं.
सुरी परत मोजली. एक.
माझ्या कोटाला रविवारपर्यंत वास होता.

पुढच्या गुरुवारी तो उठलाच नाही.
भिंतीकडे तोंड, चहावर साय.
मी खुर्ची ओढून बसले.
फॉर्म बाहेरच ठेवला होता.
खिडकीची फट शिळ घालत होती.
कुठला? मी विचारलं.
पुष्कळ वेळ काही नाही.
कॉरिडॉरमध्ये ट्रॉली गेली, परत आली.
"ईशान्येचा," तो भिंतीला म्हणाला.

नोंदवहीत लिहिलं:
सकाळी वाऱ्याबद्दल बोलला.
वारा ईशान्येचाच होता.
बाहेर जाऊन बघून आले.