शीळ

एकाच डुकरिणीच्या पोटची ती दोघं.
काळी अंगं, खांद्यावरून पांढरा पट्टा,
आंघोळीनंतर टॉवेल टाकून विसरल्यासारखा.
एक वाढला सिमेंटच्या खणात, मापून दिलेल्या मक्यावर.
दुसरा क्र्का नदीच्या वरच्या अंगाला,
ओकच्या रानात, इग्नात्सच्या शिळेवर.

मी लुब्लियानाहून येते.
मागच्या सीटवर द्रव नायट्रोजनचं पिंप,
लहान मुलासारखं पट्ट्याने बांधलेलं.
कापल्यापासून वीस मिनिटं मिळतात मला:
पाठीच्या स्नायूतून पावट्याएवढा तुकडा,
मग वाफ, मग थंडी, मग नाव नाही, नुसता आकडा.
उशीर झाला तर पेशी गप्प होते असं नाही.
बोलत राहते, पण भलतंच.

इग्नात्सला मी समजावलं होतं,
जनुक म्हणजे लिहिलेलं.
दोघांत जवळजवळ तेच लिहिलंय.
आम्ही ऐकतो, कुठली ओळ मोठ्याने वाचली जातेय
आणि कुठली मनातल्या मनात.
तो म्हणाला, "आमचे पाद्रीबाबाही
दोन-चार पानं गाळतातच."

चौथ्या दिवशी नेजाने, त्याच्या सुनेने,
दोन्ही तुकडे भाजले. मीठ नाही.
दोन पांढऱ्या ताटल्या, खाली मी चिकटवलेले आकडे.
म्हातारा डोळे मिटून चावत राहिला.
मग बोट ठेवलं. खणातल्यावर.

मी ताटल्या उलटून दाखवल्या.
रानातल्याने तव्यातच पाणी सोडलं होतं,
फिकट, ओल्या कागदासारखा.
आम्लतेचा आकडा माझ्याकडे होताच,
पाऊण तासातच घसरलेला.
मला वाटलं होतं, माझं यंत्रच बिघडलंय.

इग्नात्सने काटा खाली ठेवला.
"त्या सकाळी शिळेवर आला नाही.
गाडीची फळी त्याने जन्मात पाहिली नव्हती.
अंधार होता. ड्रायव्हर घाई करत होता.
मी ओरडलो त्याच्यावर.
मग काठी घेतली.
अर्धा तास, बाई. फार तर अर्धा तास."

माझ्या तक्त्यात रकाने आहेत:
चारा, जागा, वय, वजन, रानातले दिवस.
चौदा महिन्यांची बोंडं, चिखल, ऊन,
सगळं त्याच्या मांसात वाचता येईल मला,
वसंतात, निकाल आल्यावर.
मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

नेजा ताटल्या उचलायला आली.
त्याने हाताने थांबवलं तिला,
फिकट तुकड्याची ताटली पुढे ओढली
आणि सावकाश, पावाने पाणीसुद्धा टिपून,
पूर्ण खाल्ला.