नदाचा चेहरा

पुरात गाव वाचलं, म्हणून नवस फेडायचा ठरला:
लिथोनची मूर्ती, संगमरवरात, पुरुषभर उंच.
माझं जवाचं शेत नाही वाचलं.
पण नवस गावाचा होता, शेताचा नव्हता.

मग चेहऱ्यावरून भांडण लागलं.
आर्खेदामोस म्हणाला, बैल. बैलाची शिंगं, बैलाची मान,
बर्फ वितळलं की डुरकतो तो, ऐकलं नाही का कुणी?
पुजारी म्हणाला, दाढीवाला म्हातारा,
काखेत कलंडलेला घडा.
पोरं म्हणाली, साप.
मिरी घेऊन पूर्वेकडून आलेला एक व्यापारी तेवढा हसला:
त्याच्या देशी म्हणे नदी ही बाई असते,
तिची ओटी भरतात, तिला आई म्हणतात.
मग आम्हीही हसलो. आई?
हा तर सासऱ्यासारखा,
मनात आलं की न खाकरता आत येणारा.

शिल्पकार परगावचा. नाव ओनासिमोस.
बोटं पांढरी, खोकला कोरडा.
चार दिवस त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं
आणि पाचव्या दिवशी, मी लोकर धूत होते तिथं येऊन बसला.
"बाई, तीस वर्षं तुमचे हात याच्यात आहेत.
कसा दिसतो हा?"

मी लोकर पिळली. काय सांगणार?
चेहरा नाही पाहिला मी त्याचा.
हात माहीत आहेत.
थंडीत बोटं कुरतडणारे,
उन्हाळ्यात घोट्याशी रेंगाळणारे, उगाच, लहान मुलागत.
चोर आहे.
दोन चादरी, एक चप्पल, थोरल्या जावेची शेळी.
चप्पल परत दिली आठ दिवसांनी,
दुसऱ्याच कुणाची.

आणि माझ्या थ्रासोनचे केस.
ते नाही चोरले, ते आम्हीच दिले.
सोळावं सरलं तेव्हा रीतीप्रमाणे कापून वाहिले,
इथंच, या वाळुंजाखाली.
मग पोर जहाजावर गेलं.
जहाजाचं पुढं काही कळलं नाही.
केस मात्र, मी हिशेब केलाय,
त्या वर्षीच्या द्राक्षांच्या आत पोचले असणार समुद्रात.
म्हणजे भेटले असतील त्याला.
किंवा नसतील. समुद्र मोठा आहे म्हणतात,
मी पाहिलेला नाही.

ओनासिमोस बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला.
जाताना लोकरीचं ओझं दारापर्यंत आणून दिलं.

मूर्ती उभी राहिली. शिंगं होती, दाढी होती, घडा होता,
घड्याला साप वेढलेला.
सगळ्यांचं मन राखलं त्यानं.
हात मात्र ओळखीचे.
उजवी मूठ मिटलेली, आत काहीतरी धरलेलं,
बोटांच्या फटीतून दोन-तीन रेघा बाहेर आलेल्या,
केसाएवढ्या बारीक.
पुजाऱ्यानं सांगितलं, जवाची ओंबी, समृद्धीची खूण.
मी काही बोलले नाही.

पुढच्या हिवाळ्यात लिथोननं कूस बदलली.
कुणाला न विचारता, एका रात्रीत
दोन शेतं पलीकडं जाऊन निजला,
स्वतःच्या मूर्तीकडं पाठ करून.
ती राहिली कोरड्यात, गोट्यांमध्ये.
घड्यात धूळ. शिंगावर चंडोल.
आर्खेदामोस म्हणतो, चेहरा पटला नाही त्याला,
मी बैल म्हणत होतो.
पुजारी नव्या नवसाची वर्गणी काढतोय.

मला आता धुवायला लांब जावं लागतं.
परतताना घागर भरून घेते,
वाट वाकडी करते,
आणि ओतते त्याच्यावर: आधी खांद्यांवर,
मग त्या मुठीवर, सावकाश.
बायका हसतात, म्नासो नदाला पाणी पाजते.
हसू देत.
दगड घटकाभर काळा पडतो.
मुठीतल्या रेघा हलल्यासारख्या वाटतात.
मग पायथ्याशी पाण्याची एक बोटभर धार निघते,
गोट्यांना वळसे घालत, जुन्याच वाटेनं,
वाळुंजापर्यंत जेमतेम जाते
आणि जिरते.
समुद्र तिकडेच आहे.