पाण्याची पाळी

रात्री उघडतं निवरीचं फूल,
उजाडेपर्यंत गळतं.
हे ऐकून माहीत होतं, पाहिलं नव्हतं कधी,
म्हणून पावणेपाचलाच स्कूटर काढली,
मागच्या सीटवर स्टँड आडवा बांधला सुंभाने
आणि तुळसच्या उतारावर दोनदा थांबून
सैल झालेली गाठ आवळली.

व्हाळ काळोखात आधी ऐकू आला.
मग वास. गोडसर, थोडा कुबट,
लग्नघरातल्या दुसऱ्या दिवशीच्या गजऱ्यासारखा.
मग बॅटरीच्या उजेडात एकदम
लाल झुरमुळ्या, हातभर लांब, पाण्याला टेकू टेकू,
आणि प्रत्येकीतून काही ना काही निसटत होतं
टप्प म्हणण्याइतकंही वजन नसलेलं.

माझा धंदा माणसांना थांबवण्याचा.
वेंगुर्ल्याच्या बाजारात, चपलांच्या दुकानावर.
हनुवटी खाली. कान दिसूदेत. हलू नका.
पासपोर्टवाले हलत नाहीत, बोहल्यावरचे हलत नाहीत,
भिंतीसाठी मोठे करून नेतात ते तर
कधीचेच हलायचे थांबलेले.
बाबांनी एवढंच शिकवलं:
आधी श्वास थांबव, मग बोट.

इथे कुणाला सांगू?

दोन सेकंद पडदा उघडा ठेवला, तर पाण्याचं ताक,
फुलांच्या नुसत्या रेघा, मास्तरांनी काट मारल्यासारख्या.
सेकंदाच्या पाचशेव्या हिश्शात धरलं, तर पाणी काच,
फूल काचेत अडकलेलं.
मधलं काही सापडेना.
डासांना मात्र मी सापडत होतो, एकेकाला, नेमका.

साडेआठ झाले. ऊन कातळावरून घसरत
काठाशी आलं, अजून हातभर हवं होतं,
तेवढ्यात वरच्या अंगाने रुक्मिण कांबळी उतरली.
खांद्यावर खोरं, कमरेला कोयता.
माझ्याकडे पाहिलं, स्टँडकडे पाहिलं,
त्याच्या तिसऱ्या पायाखाली मी सरकवलेला धोंडा
बहुतेक तिच्या बांधाचा होता.
"नवाक माझी पाळी. पाणी फिरवतलंय.
तुझा काय ता बेगीन काढ."
पंधरा मिनिटं जास्तीची, मी म्हणालो.
"माडयेक सांग," म्हणाली, "पंधरा मिनिटां."

आणि बरोबर नऊला, हातात घड्याळ नसताना,
तिने बांधाचा एक धोंडा काढला, एक लावला,
फटीत पाला कोंबला, वर चिखल थापला.
पाण्याने मान वळवली
जशी ओळखीची म्हैस वळते, हाक न मारता,
आणि पोफळीच्या पाटात शिरलं.

माझ्या पुढ्यातला व्हाळ बारीक होत गेला.
आधी आवाज गेला. मग चकाकी.
मग जी वाहत होती ती फुलं
जिथे होती तिथे बसली:
धोंड्यांवर, शेवाळात,
बाहेर येऊन गोंधळलेल्या एका खेकड्याच्या पाठीवर.
वरून अजूनही एखादं पडत होतं
सवयीने, पाण्याच्या भरवशावर.
आणि ऊन आलं. तेव्हा.

श्वास थांबवला होता की नाही, आठवत नाही.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली
पुतण्याला घेऊन, बँकेच्या पुस्तकाचा फोटो हवा होता.
पोरगा अजिबात हलला नाही.
ती भिंतीशी गेली, चष्मा नाही म्हणून
नाक जवळजवळ टेकवून बघत राहिली.
"फुलां बरी आसत. पाणी खंय?"
"तुमच्या माडयांत."
हसली नाही. मान हलवली,
उधारीचा हिशोब जुळल्यावर हलवतात तशी.
"एक माकाव दी."
किती देऊ विचारलं, तर मी पाच सुपाऱ्या म्हणालो.
तिने सात आणल्या.
दोन किडक्या निघाल्या.