दाराबाहेरून

ड्रम फार मोठा वाजतो
म्हणून मला दाराबाहेर बसवलं.
आत एकच मायक्रोफोन, छताला टांगलेला
न पेटलेल्या हंडीसारखा.
परेराचा सॅक्सोफोन त्याच्यापासून तीन पावलं,
उस्मानभाईचा कॉर्नेट भिंतीकडं तोंड करून,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.
पंखा बंद. खिडक्यांना तरट.
दार बोटभर उघडं,
आणि त्या फटीतून मला दिसायचं
तावडे मास्तरांचं गज ओढणारं उजवं कोपर.
तेवढ्यावर वाजवायचं.

क्लबात मास्तर कागद बघत नसत.
आमच्याकडं पाठ, फिडल हनुवटीखाली,
नजर खाली, लाकडी जमिनीवर.
कुणाची टाच दमलीय,
कोण नवशिका, कोण उगाच जवळ सरकतोय,
सगळं त्यांना घोट्यांवरून कळायचं.
एका म्हाताऱ्या कर्नलचा डावा पाय धरायचा,
त्याच्यासाठी तिसरी मात्रा
जराशी सैल सोडायचे.
म्हणायचे, तोंडं काय, हसतात.
पायांना ते जमत नाही.

पहिला गुरुवार.
लाल दिवा लागला आणि समोर पाय नाहीत.
गालिचा. नुसता गालिचा.
कोपर धावायला लागलं,
मी त्याच्यामागं, परेरा माझ्यामागं,
सात मिनिटांचा वॉल्ट्झ साडेचारात संपवून
आम्ही घाम पुसत गप्प उभे.
निवेदकानं उरलेल्या वेळात
कपाशीचे भाव दोनदा वाचले.
बडोद्यात आठवडाभर
लोक मास्तरांना विचारत होते,
गाडी चुकत होती का?

दुसऱ्या गुरुवारी मास्तर
वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी घेऊन आले.
मला वाटलं, भजी.
निघाले त्यांचे स्वतःचे काळे पंप
आणि भिमावहिनींच्या वहाणा.
एकीचा अंगठा पुन्हा शिवलेला,
दोऱ्याचा रंग वेगळा.
वहिनी क्लबाच्या फाटकापलीकडं
कधी गेल्या नव्हत्या.
मास्तरांनी वाकून दोन्ही जोड
गालिच्यावर समोरासमोर मांडले,
मागं होऊन पाहिलं,
पुन्हा वाकून
चार बोटं जवळ सरकवले.
निवेदक म्हणाला, हे काय?
मास्तर म्हणाले, मंडळी आलीत. लावा दिवा.

त्या दिवशी फटीतून मला
कोपर दिसत होतं आणि खाली
एका वहाणेची झिजलेली टाच.
काय सांगू, चाल अशी बसली
की मला मोजावं लागलं नाही.
मध्येच एकदा तिसरी मात्रा सैल सुटली.
कर्नल तर केव्हाच विलायतेला गेला होता.
मी ब्रश हवेत धरून थांबलो.
कुणासाठी थांबलो, ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढं क्लब बंद झाला, आम्ही पांगलो.
मास्तर गेले त्याला वर्ष झालं असेल,
रावपुऱ्यात छगनलालकडं
घड्याळाचा पट्टा बदलायला गेलो
तेव्हा त्यानं आपणहून काढलं.
त्याच्या दुकानात तेव्हा रेडिओ होता.
मे महिना, संध्याकाळचे साडेसहा,
फरशी अजून तव्यासारखी,
बाहेर पाचसहा माणसं ऐकत उभी.
वहिनी उशिरा आल्या, धापा टाकत, अनवाणी.
घरभर वहाणा शोधल्या म्हणे,
शेजारच्या कुत्र्याला शिव्या घातल्या,
शेवटी तशाच निघाल्या.
आणि वॉल्ट्झ सुरू झाल्यावर
एकट्या पाय बदलायला लागल्या.
डावा. उजवा, डावा.
उजवा. डावा, उजवा.

छगनलालनं विचारलं, बेन, नाचो छो?
त्या म्हणाल्या, नाचते कसली,
फरशी पोळतेय मेली.

मग त्यानं आतून गोणपाट आणून
त्यांच्यापुढं टाकलं.

ते त्यांनी पायानंच
बाजूला सारलं.