जरा उचलून

डावीकडचं दार लागत नव्हतं.
खालच्या फटीत दोन नाणी सरकायची,
वर नखही शिरत नव्हतं.
(नाणी वडलांच्या डब्यातली, जुन्या राजवटीतली.
बाजारात चालत नाहीत,
फट मोजायला चालतात.)

म्हार्दोळच्या केंकरे फार्मासिस्टची ही हिलमन
दोरखंडानं ओढत फेरीबोटीत चढवली तेव्हा
तिकीटवाल्यानं विचारलं, वाहन लिहू की सामान?
एकतीस वर्षं त्याच बोटींच्या इंजिनात
कोपरापर्यंत हात घातलेला मी,
म्हटलं, पेशंट लिही.

दिवाडीला घरामागे, फणसाखाली, पत्र्याच्या छपरात
पहिलं वर्ष गंज खरवडण्यात गेलं.
मग उंबरा कापला. गाडीलाही उंबरा असतो,
दाराखालचा, पाय देऊन आत जायचा.
तो बोट लावताच भुसभुशीत पोह्यांसारखा गळायचा.
नवा पत्रा वाकवला, जोडला, घासला,
रात्री पुन्हा जाऊन हात फिरवून आलो.

आणि दार लागेना.

आधी बिजागऱ्यांना दोष दिला.
पिनी झिजून मधेच बारीक झालेल्या,
आंबट ओठंबा चोखून टाकावा तशा.
नव्या वळवून आणल्या,
जुन्या तंबाखूच्या डब्यात टाकल्या.
मागे वॉशर घातला. काढला. अर्धा कापून घातला.
रबराला दोष दिला, जाड आहे म्हणून,
मग हवेला, दमट आहे म्हणून.
खांबाला खडू फासून दार लोटायचो
आणि पांढरा डाग कुठे उठतो ते
टॉर्चनं बघत बसायचो.
दरवेळी वरचाच कोपरा.
बायको म्हणाली, दार आहे ते,
त्याला आत घ्यायचं नसेल कोणाला.

सांतान मेस्त आला तो फणस मागायला.
जन्मभर दारं-खिडक्या केलेला सुतार.
दाराला त्यानं हातसुद्धा लावला नाही.
दूर, विहिरीच्या कठड्यावर बसला,
एक डोळा मिटला.
‘पळय,’ म्हणाला, ‘दाराक न्हय, चौकटीक विचार.’

आणि मी वाकून पाहिलं
तर पुढे जॅक, मागे जॅक,
मधे काही नाही.
उंबरा कापला त्या दिवशी गाडी पोटातून खचली होती
केसभर, दोन केस,
आणि त्या खचलेपणावरच मी
इतकं सुबक वेल्डिंग केलं होतं.

स्वतःचं काम कापायला
दुसऱ्याच्या गंजापेक्षा जास्त वेळ लागतो.
मधे लाकडी ठोकळा, त्यावर तिसरा जॅक,
दांडा पाव फेरा फिरवायचा, थांबायचं.
कुठेतरी पत्रा कण्हला.
वरच्या फटीत नाणं शिरलं,
खाली दुसरं अडकलं.
तेव्हाच भोंगा झाला नारव्याच्या बोटीचा.
मी उगाच घड्याळ पाहिलं.

केंकऱ्यांची शालन चतुर्थीला आली होती,
सासष्ट वर्षांची, चष्मा डोक्यावर.
गाडीभोवती एकदा फिरली, रंगाबद्दल काही बोलली नाही.
दार उघडलं, आत बसली,
आणि लावताना तिचा हात
मनगटातून वर गेला, सहज,
दार जरा उचलून घ्यायला.

उचलायला काही नव्हतंच.
फेरी धक्क्याला टेकल्यावरही कुणी
उगाच उंच पाऊल टाकावं
तसा तो हात मधेच राहिला.
दार लागलं. एकच, भरीव, टप्प.

‘बाबा रोज ओरडायचे,’ ती म्हणाली,
‘जरा उचलून, गो, जरा उचलून.’
पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.
‘छान केलंत,’ म्हणाली.
मग काचेतून बराच वेळ
फणसाकडे बघत बसली.

तिची बोट सुटेपर्यंत धक्क्यावर थांबलो.
पिनींचं काही बोललो नाही.

डबा अजून फळीवर आहे.
उजवीकडचं दार बसवायचंय.