सदतिसावी फ्रेम

वाळपईच्या बाजारात माझा स्टुडिओ.
दिवसभर मी माणसांना सांगतो, हलू नका.
मान सरळ. कान दिसू द्या. हसू नका,
पासपोर्टात हसलेलं चालत नाही.
मागे पांढरा पडदा, पुढे श्वास रोखलेला चेहरा,
सेकंदाच्या शंभराव्या भागात काम आटोपतं.

फाल्गुनातल्या अवसेला मात्र
सहा इंची आरशाची नळी, दोन बॅटऱ्या, एक चटई घेऊन
मी रुझारच्या काजूबागेवरचा सडा चढतो.
तिथे कुणाला हलू नका म्हणायची सोय नाही.
हलतो तो मीच,
तापलेल्या जांभ्यासकट, खालच्या दिव्यांसकट,
पूर्वेकडे, न थांबता.

म्हणून आधी ध्रुव शोधायचा.
आमच्याकडे तो जेमतेमच वर येतो,
डोंगराच्या कडेला टेकून
फणसाच्या दोन फांद्यांमधून बघतो
उधारी मागायला आल्यासारखा, अवघडून.
त्याच्या दिशेला आस जुळला की
यंत्र हळूहळू उलटं फिरू लागतं,
पृथ्वीने घेतलेलं तेवढंच फेडत.

हस्ताच्या बोटांपासून थोडं वर
एक दीर्घिका आहे, आपल्याकडे कड करून बसलेली.
टोपी म्हणतात तिला.
मला कधी टोपी दिसली नाही,
दिसतो काचेवर राहिलेला बोटाचा ठसा.
रुझारने डोळा लावला. बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "कितें तरी आसा.
पूण पळयत रावलें की ना जाता."
मी इतकी वर्षं शिकलो ते त्याला पहिल्याच रात्री कळलं:
थेट बघायचं नाही.
जरा बाजूला बघायचं, मग ती येते.

एका मिनिटाची एक फ्रेम. अशा नव्वद.
उजेड तीन कोटी वर्षं चालत आलाय
आणि मी घड्याळ लावून बसलोय.
माझ्यासाठी रुझारने भट्टीचा जाळ पत्र्याने झाकला,
तरी हुर्राकाचा वास सडाभर.
पश्चिमेला पणजीचा पिवळट डाग.
दव बसू नये म्हणून मी आतल्या आरशावर
बायकोचा केस वाळवायचा ड्रायर धरतो,
बॅटरी रडते.

एक चाळीसला मोपावरून उठलेलं विमान
लुकलुकत बरोबर हस्तावरून गेलं.
मी शिवी हासडली. सदतिसावी फ्रेम वाया.
रुझार उठून उभा राहिला होता.
"इनास," म्हणाला.
एवढंच.

मग आठवलं. डिसेंबर, पांढरा पडदा,
हसू नको म्हटलं की जास्तच हसणारा पोरगा.
तिसऱ्या वेळी कुठे तोंड मिटलं त्याने.
भाण चुलीवर होतं, सोडून कसा जाणार विमानतळावर,
रुझारने सांगितलं, मी न विचारताच.
मी मान डोलावली
आणि अडतिसावी लावली.

घरी संगणकावर नव्वद फ्रेमा एकावर एक रचायच्या.
जे दर वेळी तिथेच होतं तेवढं उरतं.
काजवे, रुझारची विडी,
माझा पाय अडखळून बसलेला हादरा,
सगळं सरासरीत विरतं.
पहाटे मधोमध काळी रेघ उमटली, केसाएवढी.
मला ओरडावंसं वाटलं. घरात सगळे झोपलेले.

सदतिसावी मी त्यात घातली नव्हती.
पुसलीही नव्हती.
शनिवारी ती चार बाय सहावर छापली.
अंधारात लाल, पांढरे, लाल टाके,
कोणीतरी घाईत उसवलेलं शिवल्यासारखे,
आणि त्यांच्या खाली, एकटाच, अंधुक ठिपका.

रुझार गल्ल्यासमोर उभा राहून बघत होता.
पैसे विचारले, मी घेतले नाहीत.
टाक्यांवरून त्याने बोट फिरवलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत.
मग त्याला तो ठिपका दिसला.
सदऱ्याचं टोक ओढून त्याने तो पुसून पाहिला,
एकदा, दोनदा.
गेला नाही.