भेग

हुद्दा: कीटक समाहारक.
बायकोच्या माहेरी तो कुणालाच नीट सांगता आला नाही.
"माशा धरतात," म्हणायचे सासरे, वर हसायचे नाहीत,
हा त्यांचा मोठेपणा.

गुलशेर तडवींनी शिकवलं मला, धुळ्याच्या ऑफिसमागच्या गोठ्यात.
काचेची नळी, मागे रबरी, मध्ये जाळीचा तुकडा.
बॅटरी खालून मारायची, नळी भेगेशी आडवी,
आणि श्वास असा ओढायचा की माशीला वाटावं, वारा आला.
जोरात ओढलास तर पाय तुटतील तिचे.
हळू ओढलास तर तू भिंतच चाटत बसशील.
वाळूमाशी धड उडतही नाही, टुणकन उडी मारते.
डासाच्या पाव, अंगावर लव, पंख उभे,
कुणी झडती घ्यावी आणि तिनं हात वर करावेत तशी.

मधली दोन वर्षं माशा राहिल्या बाजूला.
माणसांच्या नाकात काडी घालत हिंडलो
साक्री, पिंपळनेर, दहिवेल.
जन्मभर श्वास आत ओढायची नोकरी,
आता लोकांच्या श्वासापासून तोंड फिरवायची.
गुलशेरभाई त्यातच गेले.
त्यांचा नमुना मीच घेतला.
फॉर्मवर व्यवसायापुढे लिहिलं: माशा.
मग खोडून: निवृत्त.

आज पुन्हा पांझरेकाठची भिलाटी. पहाटे साडेपाच.
पुण्याच्या वेदवती मॅडमनी फोनवर सांगितलेलं,
जिथं झटके येऊन पोर गेलंय, ते घर आधी.
घर क्रमांक एक्केचाळीस. झेलाबाई मालचे.

भिंत कालच सारवलेली, शेणाचा ओला वास.
फक्त दाराशेजारी वहीएवढा चौकोन कोरडा सोडलेला.
त्यात गेरूचा आकडा: सतरा, आडवी रेघ, दोनशे सहा.
अक्षर माझं. वरून कुणीतरी गिरवलेलं,
शून्य जरा मोठं झालेलं.

सात वर्षांपूर्वीचा जून. राजल.
संध्याकाळी लगोरी खेळली, पहाटे अंग भाजत होतं,
दुपारी सिव्हिलला नेली
आणि दिवेलागणीला त्याच गाडीतून परत आणली.
रक्ताच्या कुपीवर जो नंबर, तोच मी भिंतीवर टाकला होता,
पुन्हा यायची वेळ आली तर घर सापडावं म्हणून.

मी नळी लावली.
चुलीमागे काही नाही. शेळीच्या कोपऱ्यात काही नाही.
त्या कोरड्या चौकोनात, सहाच्या पोटातून निघालेली भेग,
तिच्यात तीन.
तिन्ही माद्या.

"तिनं रंगत आजून शे का तठे?" झेलाबाईनं मागून विचारलं.
आहे. उणे ऐंशी अंशाला. कपाट, रांग, खाना, सगळं लिहिलेलं.
कशानं गेली, ते मात्र तिनं विचारलं नाही, बरं झालं.
अहवालात शब्द होता: अनिर्णित.
त्याला अहिराणीत काय म्हणतात
मला अजून ठाऊक नाही.
नव्या यंत्रावर पुन्हा लावणार आहेत, एवढं म्हणालो.
"मंग आखी नही गयी ती."
आणि थोड्या वेळानं,
"हाऊ आकडा नका पुसू, भाऊ."

माझ्या पिशवीत दोनशे पत्रकं, वर ठळक: भेगा बुजवा.
एकही बाहेर काढलं नाही.
शेजारच्या घरी पोळ्याचा उरलेला हिंगूळ होता,
बैलाच्या शिंगांचा, तळाशी घट्ट झालेला.
तो रॉकेलमध्ये कालवला, बोटाला चिंधी गुंडाळली
आणि पत्र्याच्या दारावर लिहिला तोच नंबर,
आधीपेक्षा मोठा.
झेलाबाईनं बोट लावून एकेक आकडा ताडून पाहिला,
इकडचा, तिकडचा,
वाचता येत नसताना.

मग पाटीत माती कालवली. शेण, भुसा, पाणी.
सतरा गेले. रेघ गेली. दोन, शून्य.
सहापाशी तिचा हात थांबला.

मी नळीच्या तोंडाला कापूस लावला.
बेचाळीस नंबरचं दार अजून बंद होतं,
आणि ऊन भिंतीवर चढलं
की माशी सापडत नाही.